किल्ल्यांचा जुडगा

मुलांना बोलतं करावं तर ते कुंदाबाई धारपांनीच, असं महाडात अजूनही म्हणतात. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. तिथून पायी जाता येईल अशा शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवलं. त्या काळी वर्गासमोर येऊन बोलायचं म्हटलं की पोरी घाबरायच्या. एखादी ओढणीचं टोक चावत उभी राहायची, एखादी सरळ रडायलाच लागायची. अशा वेळी कुंदाबाई खुर्चीतून ताडकन उठायच्या, दोन्ही हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "वा! मग?"

बस्स, एवढंच. पण त्यात असं काही असायचं की रडणारी पोर नाक पुसून पुढचं वाक्य बोलायची. त्यांतली कुणी आज वकील आहे, कुणी नर्स, कुणी पंचायतीत निवडून आलीय. लग्नाकार्यात भेटल्या की "बाई, वा! मग?" अशी नक्कल करून दाखवतात आणि पूर्वी बाईंसकट सगळ्या हसायच्या.

हल्ली मात्र कुणी ती नक्कल केली की बाई हसत नाहीत. चेहरा कसनुसा करून दुसराच विषय काढतात.

झालं ते असं.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, वैशाली, पोलादपूरच्या पलीकडच्या खोऱ्यातल्या हायस्कूलवर दोन वर्षांपूर्वी शिक्षिका म्हणून लागली. तिने एक दिवस फोन केला.

"बाई, एक गळ घालायचीय. नाही म्हणायचं नाही."

"आधी सांग तरी. लग्न जमवायचं असेल तर मी त्यातून निवृत्त झालेय."

"लग्न नाही हो. परीक्षक म्हणून या."

महाडातल्या एका देणगीदार मंडळाने त्या खोऱ्यातल्या एका मुलीची अकरावी-बारावीची सोय करायचं ठरवलं होतं. महाडच्या वसतिगृहात राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मंडळाकडे. मुलगी मात्र एकच घ्यायची होती. निवड नुसत्या मार्कांवर नको, मुलीला आपलं म्हणणं चारचौघांत मांडता येतं का ते बघा, असं मंडळाने कळवलं होतं. म्हणून वैशालीने दहावीच्या सगळ्या वर्गालाच तोंडी सादरीकरण ठेवलं. विषय, आपला परिसर. पालकांनाही बोलावणं होतं.

"एका अटीवर येते," कुंदाबाई म्हणाल्या. "प्रत्येकाने एकदाच बोलायचं. मागाहून कुणाला परत संधी नाही. कुणी का असेना."

ह्या अटीमागे त्यांचा एक जुना सल होता. त्या नोकरीत नवीन असताना संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याची मुलगी स्पर्धेत अडखळली, तर तिला दुसऱ्या दिवशी परत बोलायला लावून पहिला नंबर दिला होता. तेव्हापासून दुसरी संधी म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठी चढायची. त्यांचा निवाडा चोख असतो असं लोक म्हणत, आणि लोक तसं म्हणतात हे बाईंना आवडायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी त्या एस्टीने पोलादपूरला उतरल्या आणि तिथून मिनिडोर रिक्षाने शाळेवर गेल्या. शेतांत वाल फुलून शेंगा धरल्या होत्या, डोंगराच्या कडेला धुकं होतं. वर्ग मोठा, बाकं मागे सारून पुढे सतरंजी अंथरलेली. तिथे पालक बसले होते. बाजारपेठेतल्या गावचे काही खुर्च्यांवर बसले, डोंगराकडचे मात्र खुर्च्या रिकाम्या असूनही खाली मांडी घालून. त्यांत एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे होते, पागोटं मांडीवर घेऊन बसलेले. त्यांच्या शेजारी नऊवारी नेसलेली एक आजी.

"ते रामातात्या, वरलीकोंडीचे गावकर," वैशाली कानाशी म्हणाली. कोंड म्हणजे डोंगरातली वाडी, आणि गावकर म्हणजे तिथला कर्ता वडीलधारा. "आणि त्या प्रयागबाई. त्यांची नात समीक्षा आहे वर्गात. दोघं पहाटेच चालत निघालेत."

पहिला उभा राहिला ओंकार. त्याचा बाप कशेडीच्या घाटात ट्रक चालवायचा, पोराने तोच विषय घेतला होता. "आमच्या पप्पांच्या ट्रकचे एकदा घाटात ब्रेक फेल झाले," तो म्हणाला, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बसला. "पण नशीब, चढण होती." सगळे हसले, तसा तो गडबडला आणि पुढचं विसरला. कुंदाबाई लगेच खुर्चीतून उठल्या, हात पुढे केले. "वा! मग?" ओंकारच्या तोंडावर उजेड पडला आणि तो सुसाट सुटला, थेट बोगद्यातून पलीकडे. बाईंना बरं वाटलं. आपलं हत्यार अजून गंजलेलं नाही, असं मनात आलं.

मग आली श्रुतिका. बाजारातल्या दुकानदाराची मुलगी. शिवथरच्या घळीवर बोलली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाज खणखणीत, हात कुठे उचलायचा, मान कुठे वळवायची, सगळं बसवलेलं. शेवटी नमस्कार करून बरोबर वेळेत थांबली. बाईंनी वीसपैकी सतरा गुण टाकले. बोलण्यात तिचं स्वतःचं फारसं काही नव्हतं, म्हणून तीन कापले.

आणि मग समीक्षा. सावळी, काटकुळी, वेण्या घट्ट बांधलेल्या. हातात कापडी पिशवी. पुढे येऊन तिने आधी सतरंजीकडे, मग बाईंकडे बघून हात जोडले आणि पिशवीतून किल्ल्यांचा एक भला मोठा जुडगा बाहेर काढला. सुतळीत ओवलेल्या किल्ल्या, काही पितळी, काही गंजक्या. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "तिजोरीवाली आली रे!" आणि दोनचार पोरं फिसकारली.

समीक्षाने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आमच्या कोंडीत घरं पुष्कळ आहेत, पण चुली थोड्या पेटतात," तिने सुरुवात केली. "बाकीच्यांचे मालक मुंबईला असतात. त्या सगळ्यांच्या किल्ल्या आमच्या घरी खुंटीला असतात. त्या आजी सांभाळते. मी सांगते, कुठली किल्ली कुणाची."

तिने एक किल्ली वर धरली. "ही गणूकाकांची. हे कुलूप पावसाळ्यात अडकतं, म्हणून पावसाआधी, आगोटीला आम्ही त्यात खोबरेल तेल सोडतो. त्यांच्या घरात उंदीर फार. काका फोनवर आधी उंदरांची खुशाली विचारतात, मग आजीची."

लोक हसले. तीही किंचित हसली. दुसरी किल्ली. "ही सदूआजोबांची. ते गेले तेव्हा मुलं आली, दिवस करून गेली. जाताना किल्ली देताना त्यांचा मुलगा आजीला म्हणाला, 'देवापुढं दिवा तेवढा लाव.' आजी दर सोमवारी उघडून लावते. ज्या घरात कुणी नाही तिथं दिवा कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, घराला वाटायला नको आपल्याला टाकलंय."

कुंदाबाईंनी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत किती पोरींनी 'माझा गाव' ह्या विषयावर निबंध घोकून आणले असतील, पण असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. समीक्षाने तिसरी किल्ली हातात घेतली. ती जरा वेगळी होती, जुनी, लांब दांड्याची. "ही किल्ली..." ती म्हणाली आणि क्षणभर थांबली. शब्द शोधत होती की काय कोण जाणे. बाईंना राहवलं नाही. त्या ताडकन उठल्या, दोन्ही हात पुढे केले.

"वा! वा, समीक्षा! मग?"

समीक्षाने मान खाली घातली. जुडगा पिशवीत ठेवला. हात जोडले आणि जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

बाईंना कळेना काय झालं. त्या तशाच उभ्या राहिल्या. "अगं, बोल ना पुढे. छान चाललंय."

समीक्षा बसलेलीच. नजर सतरंजीवर. मात्र उठून जागेवर गेली नाही, पिशवीचा बंद मुठीत धरून होती.

"विसरलीस का? काही हरकत नाही. ती किल्ली कुणाची?"

उत्तर नाही. सतरंजीवरच्या रामातात्यांनी हात थोडा उचलला आणि तळवा खाली करून हलवला. बाईंनी ती खूण बघितली. पोरीला बसू दे, असं म्हणत असावेत, त्यांना वाटलं. आणखी थोडा वेळ त्या उभ्याच राहून वाट बघत होत्या. मग उसासा टाकून त्यांनी पुढच्या मुलीचं नाव घेतलं. तेव्हा कुठे समीक्षा उठली आणि आपल्या जागेवर गेली.

दुपारी गुणांची बेरीज करताना वैशाली घुटमळली.

"बाई, समीक्षाला परत एकदा..."

"काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं हो. पण तिचं बोलणं काय सुंदर होतं! आणि ती अशी गप्प बसणारी नाहीय. दोन वर्षं बघतेय मी. तिची ही जागा गेली ना, तर तिला मुंबईला नेणार आहेत. आईवडील, भाऊ, सगळे तिकडेच. भावाला लहान मूल आहे, वहिनी नोकरीला लागायचीय. मूल सांभाळायला हिला बोलावतायत. अकरावीचं काय, तर म्हणे बघू. महाडला राहिली असती तर शिकलीही असती आणि शनिवार-रविवार आजीकडेही गेली असती."

कुंदाबाईंना गलबलून आलं. तरी हातातलं पेन हललं नाही.

"वैशाली, गरज बघून गुण द्यायला लागलो तर कुणाची गरज मोठी हे ठरवत बसावं लागेल. समारोप नाही, वेळ पाळली नाही, प्रश्नाला उत्तर नाही. मी धीर दिला, थांबून राहिले. आणखी काय करायचं मी?"

"काही नाही," वैशाली म्हणाली आणि कागद पुढे सरकवला.

समीक्षाला अकरा गुण पडले. श्रुतिकाचं नाव मंडळाकडे गेलं.

निघताना प्रयागबाई शाळेच्या पायरीपाशी उभ्या होत्या. बाई मनातून अवघडल्या. म्हातारी आता काही बोलणार, रडणार, पदर पसरणार. पण तसलं काही झालं नाही.

"बाई, मे महिन्यात आमच्याकडं देवळात पूजा असते. मुंबैची सगळी पोरं येतात. तुमी बी या."

"मी? अहो, मी तर तुमच्या नातीला..."

"त्याचा काय? पोरीनं सांगितलान मला, बाईंनी 'वा' केलान म्हणून. कोन करतो गो आमच्या पोरींना 'वा'? याच तुमी."

महाडला येईपर्यंत एस्टीत बाईंच्या डोळ्यांसमोर तो सुतळीतला जुडगा हलत राहिला. तिसरी किल्ली कुणाची, हे काही कळलं नाही. हुशार पोर, पण कच खाल्ली, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग मार्च आला, तळ्यावर दरवर्षीसारखी माणसांची रीघ लागली, गल्लीत रात्रंदिवस वर्दळ झाली आणि ती गोष्ट मागे पडली.

मेमध्ये वैशालीनेच आठवण केली. दोघी जीपने अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या, पुढे चढण चढून वरलीकोंडीला पोचल्या. कोंड माणसांनी फुलली होती. एरवी बंद असणारी दारं उघडी, अंगणात मुंबईची पोरं मोबाईल उंच धरून नेटवर्क शोधत हिंडत होती, बायका मोठ्या टोपात भात रटरटवत होत्या. समीक्षा पाण्याची कळशी घेऊन येताना दिसली. ती कळशी उतरवून बाईंच्या पाया पडली, आणि "आजे, बाई आल्या गो!" असं ओरडत पळाली. ती उद्याच भावाबरोबर मुंबईला निघणार होती.

पूजा आटोपली आणि देवळाच्या अंगणात बैठक बसली. वर्षाचे सगळे निर्णय ह्याच दिवशी व्हायचे. पुरुष मध्ये, बायका कडेला. घरांची हकीकत सांगायला प्रयागबाईंना मान होता, त्या जुडगा मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या. बाई आणि वैशाली त्यांच्यामागे टेकल्या. समीक्षाचा भाऊ अनिल बोलायला उभा राहिला. अंगात कोरा टी-शर्ट, केसांना जेल.

"तात्या, मंडळी, प्रॉब्लेम असा हाय, की इकडं नेटवर्कच भेटत नाय. इमर्जन्सी झाली तर फोन लागत नाय. म्हणून माझा काय म्हणना हाय, आपण सगळ्यांनी मिळून एक अर्ज..."

तेवढ्यात रामातात्या काठी टेकत उठले. पान थुंकायलाच उठले होते खरं तर, पण उठता उठता म्हणाले, "अर्ज कुनाच्या नावानं?"

अनिल मटकन खाली बसला. वाक्य तोंडात, आणि मान खाली. मुंबईत राहणारा, एवढा बोलका पोरगा, हू की चू केलं नाही. तात्या कडेला जाऊन थुंकले, परत आले, सावकाश मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां. बोल रे."

अनिल उठला आणि म्हणाला, "...एक अर्ज तहसीलदारांच्या नावानं द्यायचा, असं माझा म्हणना हाय."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैठक पुढे सुरू झाली. कुंदाबाई मात्र पुढे सरकल्या. त्यांनी प्रयागबाईंच्या पाठीला हात लावला.

"प्रयागबाई, तो मध्येच बसला का?"

"कोन? अनिल? तात्या उठले ना." म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "मोठं मानूस उठून बोलाया लागलं की धाकट्यानं बसायचं. ते परत बसलं की मग आपन उठायचं नि पुढचं सांगायचं. उभ्या मानसाम्होरं कोन बोलतो?"

"आणि ते मोठं माणूस बसलंच नाही तर?"

प्रयागबाई वळल्या. बाईंच्या तोंडाकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं असावं. मग हळूच म्हणाल्या, "मग काय, आपन बसून ऱ्हायाचं."

बैठकीत आणखी काय काय ठरलं ते बाईंनी ऐकलं नाही. त्यांना एकसारखा तो वर्ग दिसत होता. त्या स्वतः उभ्या, हात पुढे केलेले, पोरीची वाट बघतायत. पोर खाली बसलेली, पिशवीचा बंद मुठीत, त्यांची वाट बघतेय. दोघी एकमेकींसाठी थांबलेल्या. आणि खुर्ची बाईंच्या मागे, एवढी जवळ की नुसते गुडघे वाकवले असते तरी झालं असतं.

बैठक उठल्यावर रामातात्या स्वतःच त्यांच्याकडे आले. प्रयागबाईंनी त्यांच्या कानावर घातलं असणार.

"मी तुमाला हातानं खुणावलं व्हतं, बाई. बसा म्हणून."

"मला वाटलं, तिला सांगताय."

"तिला कशाला सांगू? ती बसलीच व्हती." तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझं बी चुकलं. तोंडानं बोलायला पायजे व्हतं. पन तुमच्या शाळंत मी कसा बोलू?"

वैशाली शेजारीच होती. ती रडवेली झाली. "पण समीक्षा, वर्गात तर मी रोज उभीच असते! तेव्हा तू उत्तरं देतेस की."

समीक्षा खांबाला टेकून उभी होती. "ते शिकवायचं असतं, मॅडम. तुम्ही विचारता, मी सांगते. त्या दिवशी तात्या बसले होते, आजी बसलेली होती. मी आपल्या कोंडीचं सांगत होते. ती बैठकच होती ना?"

"मग मला सांगायचंस तरी," कुंदाबाई म्हणाल्या. "बाई, बसा, एवढंच."

समीक्षाला हसू आलं. मोठ्या माणसाने काहीतरी लहान मुलासारखं बोलावं आणि आपल्याला हसू यावं, तसं. "तुम्हाला मी 'बसा' कसं म्हणणार, बाई? तुम्ही तर आम्हाला बघायला आलेल्या."

कुंदाबाई अनिलकडे गेल्या. मंडळाकडे आता काही होण्यासारखं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. श्रुतिकाची जागा नक्की झाली होती, आणि तिच्या हातची काढून घ्यायची म्हणजे एका चुकीवर दुसरी. पण त्यांचं स्वतःचं घर होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मुलगा पुण्याला गेल्यापासून बंद असलेल्या.

"अनिल, समीक्षाला माझ्याकडे राहू दे. मी एकटीच असते. राहील, शिकेल, दर शनिवारी इकडे येईल."

अनिलने खिशातून हात काढले. पोरगा वाईट नव्हता. त्याचाही चेहरा उतरला.

"बाई, हे तुम्ही जानेवारीत बोलला असतात ना, तर मी उड्या मारल्या असत्या. आता बायकोनं जॉब घेतलाय, पोराला कुणाकडं ठेवू? आई-बाबा दोघं कामावर. आणि काल रात्री सगळ्यांसमोर ठरलंय. ती पण हो म्हणालीय." तो बहिणीकडे बघून म्हणाला, "काय गो?"

समीक्षाने मान हलवली. ती मान हलवणं कसलं होतं, हे बाईंना ओळखता आलं नाही. तिची मान कशी वाचायची हे आपल्याला येत नाही, एवढं मात्र आता त्यांना कळलं होतं.

"अकरावीला घालशील ना तिला?"

"घालनार म्हणजे! बघू ना, जवळ कुठं भेटतंय."

वरच्या खोल्या जानेवारीतही रिकाम्याच होत्या. त्या दिवशी वैशालीने सगळं सांगितलं, गलबलून आलं, आणि तरी त्या खोल्या आपल्या डोक्यातसुद्धा आल्या नाहीत. निवाडा चोख ठेवण्यात आपण गुंतलो होतो. बाईंना ते आता आठवलं.

ऊन कलायला लागलं. खाली जीप थांबली होती. निघण्याआधी कुंदाबाई प्रयागबाईंच्या घरी गेल्या. पडवीत समीक्षाची बॅग भरून ठेवलेली होती. बाई पडवीच्या पायरीवर बसल्या, चांगल्या ऐसपैस, पदर सावरून.

"समीक्षा, तुझं बोलणं माझ्यामुळे अर्धं राहिलं. मी आता बसलेय. उठणार नाही. सांगतेस पुढचं?"

समीक्षाने आजीकडे बघितलं. प्रयागबाईंनी खुंटीवरचा जुडगा काढून तिच्या हातात दिला. ती अंगणात जाऊन उभी राहिली. शाळेत उभी राहिली होती तशीच, वेण्या घट्ट, पाय जुळवून. हात जोडले. मग लांब दांड्याची ती किल्ली वर धरली.

"ही किल्ली पार्टेबाबांची. त्यांचं घर आमच्या वरच्या अंगाला होतं. दोन पावसाळ्यांमागे ते पडलं. भिंत नाही, दार नाही, आता तिथे नुसतं जोतं आहे आणि त्यावर घाणेरी वाढलीय. ते बाबांना ठाऊक आहे. आम्हीच फोटो पाठवला होता. पण ते अजून दर महिन्याला फोन करतात. बाकी काही बोलत नाहीत. विचारतात, 'प्रयागे, किल्ली हाय ना?' आजी सांगते, 'हाय.' मग ते फोन ठेवतात."

ती थांबली. बाईंच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि गप्प बसल्या.

"मी आजीला म्हटलं, दार नाही तर किल्ली कशाला ठेवायची? आजी म्हणाली, विचारणारा आहे तोवर ठेवायची. म्हणून आमच्या कोंडीत घरं कमी होतात, पण किल्ल्या कमी होत नाहीत. शाळेत मी इथे थांबणार होते. पण आता आणखी एक सांगायचं आहे." तिने जुडगा सावरला. "उद्या मी जाणार. आमच्या घराला कुलूप लागणार नाही, आजी आहे. पण आजीला रात्रीचं दिसत नाही. सोमवारी सदूआजोबांच्या घरी दिवा लावायला जाताना दगड लागतात. मी तिला सांगितलंय, उजेडात लावून ये. देवाला चालेल."

तिने हात जोडले. मग परत खाली बसली नाही. बाई बसलेल्याच होत्या, त्यामुळे ती उभीच राहून वाट बघत होती.

आत चुलीवर चहा उकळल्याचा वास आला. खालून जीपवाल्याने हॉर्न दिला. वैशाली फाटकापाशी उभी राहून डोळे पुसत होती.

"बाई, झालं," समीक्षा म्हणाली. "आता तुम्ही बोला."

कुंदाबाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्यांच्या एका शब्दावर पोरी पुढे धावल्या, त्यांना त्या अंगणात एकही शब्द सापडेना. पोर किल्ल्या हातात धरून, मान थोडी वाकवून थांबली होती. तिला शिकवलं होतं तशी, मोठ्या माणसाचं बोलून होईपर्यंत.